दहा सेकंद, एकूण

आमच्या कंपनीत एक भाषा तयार होते. बोलायची नव्हे, यंत्रांना कामं सांगायची. लिफ्ट, पंप, प्रयोगशाळेतली तपासणीची यंत्रं, असल्या अबोल मंडळींना काय करायचं ते या भाषेत लिहून देतात. ती थोरल्यांनी काढली. थोरले म्हणजे दोघा मालकांपैकी मोठे भाऊ. धाकटे गिऱ्हाइकं सांभाळतात. आणि धाकट्यांची बायको, जिला ऑफिसातले सगळेच वहिनी म्हणतात, ती प्रोग्रामर. भाषेच्या पोटात काय आहे ते थोरल्यांच्या खालोखाल वहिनींना ठाऊक, आणि काही कोपऱ्यांतलं तर थोरल्यांपेक्षा जास्त. हे मी इथे लिहितोय. ऑफिसात कधी बोललो नाही.

माझं काम नोंदींचं. भाषेत जो बदल होईल तो कोणी लिहिला, दुसऱ्या कोणी वाचून मान्य केला, मधे काय प्रश्न निघाले, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे सगळं माझ्याकडे जमा होतं. आमच्याकडचा नियम साधा आहे. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. वाचणाऱ्यानं शंका विचारायची ती लेखी, लिहिणाऱ्यानं उत्तर द्यायचं ते लेखी, आणि मगच 'मान्य'. नियम थोरल्यांचाच. करताना त्यांना वाटलं असावं की शंका त्यांना कोणी विचारणार नाही.

मागच्या वर्षीच्या नोंदींत एक ओळ आहे. 'पाणीपुरवठ्याच्या पडद्यावर आलेला अडथळा प्रोग्रामच्या लेखिकेच्या घाईमुळे. भाषेत दोष नाही.' खाली थोरल्यांची सही. ओळ त्यांनी तोंडी सांगितली, मी टंकली. लेखिका, म्हणजे वहिनी, तेव्हा समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्याआधी मला 'अरे' म्हणायच्या, त्या दिवसापासून 'अहो' म्हणायला लागल्या. ज्याला कळायचं त्याला कळलं.

अडथळा काय होता, तेही सांगतो. प्रोग्रामला दुसऱ्या यंत्राशी बोलायचं तर आधी सॉकेट, म्हणजे बोलण्याचं दार, उघडून जोडणी मागावी लागते. पलीकडचं यंत्र जोडणी देतं, नाहीतर सरळ नकार देतं. दोन्ही क्षणात होतं. पण यंत्र बंद असेल किंवा मधली लाइन तुटली असेल तर पलीकडून काहीच येत नाही. ना हो, ना नाही. तेव्हा किती वेळ वाट पाहायची हे कोणीतरी ठरवून द्यावं लागतं. त्याला टाइमआउट म्हणतात. आमच्या भाषेत एकदा जोडणी झाल्यावर मजकूर वाचायला टाइमआउट होता, पण जोडणी मागायला नव्हता. म्हणजे पलीकडे सामसूम असेल तर प्रोग्राम दाराशी उभा. दोन मिनिटं सात सेकंद. त्यानंतर संगणकच कंटाळून त्याला हाकलून द्यायचा.

वहिनींनी चार वर्षांपूर्वीच हे ओळखलं होतं. जोडणीचा टाइमआउट लिहून आणला, सोबत चाचण्या आणि दोन पानांचं टिपण. थोरल्यांनी तो भर बैठकीत उघडला, वर-खाली फिरवला आणि म्हणाले की ज्यांना धीर नाही त्यांनी दुसरी भाषा बघावी. सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. धाकटेही होते, हे वहिनींच्या ध्यानात राहिलं असणार. बदल नाकारलासुद्धा नाही, नुसता पडून राहिला. माझ्या यादीत त्याच्यापुढे 'प्रतीक्षेत' असं लिहिलेलं होतं.

मग पाणीखात्याचं काम आलं. टाकी भरली की पंप बंद करायचा संगणकावरचा पडदा वहिनींनी लिहिला. खात्याचा सर्व्हर एका नावाचा, पण त्या नावामागे पत्ते सहा. तीन यंत्रं, प्रत्येकाला दोन लाइन. एक दिवस विजेची पेटी बदलायला म्हणून खात्यानं पाच लाइन बंद केल्या. प्रोग्राम पहिल्या पत्त्यावर गेला, दोन मिनिटं सात सेकंद उभा राहिला. दुसऱ्यावर गेला, तिथेही तेच. असे पाच. दहा मिनिटं पस्तीस सेकंद पडदा गोठलेला. बंदचं बटण दाबून दाबून ऑपरेटरचं बोट दुखलं. टाकी वाहिली, पाणी उतारानं खाली गेलं आणि एका सुताराच्या कारखान्यात शिरलं. त्याचं वर्षभर वाळवलेलं लाकूड भिजलं.

खात्याच्या इंजिनिअर मॅडम जाब विचारायला आल्या तेव्हा थोरल्यांनी वर सांगितलेली ओळ मला सांगितली. आणि वहिनींना लायब्ररीच्या, म्हणजे भाषेसोबत जाणाऱ्या तयार कोडच्या, कामातून काढून मदतीच्या फोनवर बसवलं. दिवसभर लोकांना 'बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का' असं विचारायचं. सहा वर्षं भाषेचं काळीज हाताळलेली बाई.

घरी सगळे एकत्र राहतात. धाकट्यांनी घरी काय समजूत घातली ते त्यांनीच मला एकदा चहा पिताना सांगितलं. म्हणे, मी तिला म्हटलं, जाऊ दे, दादाचा स्वभाव तुला माहीत आहे. वहिनी काय म्हणाल्या, मी विचारलं. काही नाही, म्हणाले, गप्प बसली. ते हे समाधानानं सांगत होते. धाकटे भला माणूस. गप्प बसणं आणि ऐकून घेणं यांतला फरक अशा भल्या माणसांना कधी शिकवावा लागतो, कधी भोगावा लागतो.

यंदा मॅडमचं पत्र आलं. करार पुढे चालवायचा तर जोडणीला टाइमआउट भाषेतच हवा, आणि तो खात्याच्या प्रशिक्षण खोलीत, खात्याच्या सहा लाइनवर, मॅडमसमोर दाखवावा.

थोरल्यांनी जाहीर केलं की हे नाजूक काम ते जातीनं करणार. आणि तीन दिवसांत केलंही. तीन दिवसांत कसं झालं, ते माझ्या यादीत दिसत होतं. पहिल्याच दिवशी कोणीतरी चार वर्षं 'प्रतीक्षेत' पडलेला बदल उघडला होता. ज्यानं उघडला त्याची नोंदही तिथेच होती. थोरल्यांनी वहिनींचाच कोड घेतला, नावं बदलली, टिपण काढून टाकलं आणि जे गुंतागुंतीचं वाटलं ते छाटलं. मग आपल्या टेबलाखालच्या यंत्राची केबल उपटली, मनात दहा मोजले, पडद्यावर 'वेळ संपली' आलं, आणि खूश होऊन केबल परत लावली. त्या यंत्राला पत्ता एकच होता.

आता वाचणारा हवा. सॉकेटचं कळणारं दुसरं माणूस ऑफिसात एकच. थोरल्यांनी फोनच्या टेबलापाशी जाऊन वहिनींना सांगितलं की जरा नजर टाक, औपचारिकता आहे.

वहिनींनी नजर टाकली. फोन बाजूला काढून ठेवला आणि दुपारपर्यंत वाचलं. मी समोरून पाहत होतो. एका जागी त्या थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग खुर्चीत जराशा सैल झाल्या. वर्षभरात त्यांना असं सैल बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

त्यांनी तीन शंका लिहिल्या. पहिल्या दोन किरकोळ. तिसरी अशी: 'नावामागे अनेक पत्ते असल्यास हे दहा सेकंद एकूण, की प्रत्येक पत्त्याला? कृपया चालवून पाहून कळवावे.' शंका आली दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. थोरल्यांचं उत्तर आलं अकरा चौदाला. 'एकूण. स्पष्टच आहे.'

चार मिनिटं. सहा पत्त्यांची चाचणी उभी करायला अर्धा दिवस लागतो.

वहिनींनी लगेच मान्य केलं नाही. चार दिवस थांबल्या. पाचव्या दिवशी लिहिलं, 'लेखकाच्या उत्तरावर विसंबून मान्य.' नेहमी नुसतं 'मान्य' लिहितात. मी ते वाक्य नोंदीत उतरवून घेतलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. म्हणाल्या, अहो, जसं आहे तसंच लिहा, शब्द गाळू नका. मी गाळला नाही. आणि थोरल्यांना जाऊन काही सांगितलंही नाही. का नाही सांगितलं, हे मी स्वतःला विचारलंय. उत्तर फार शोभणारं नाही. मला बघायचं होतं.

खात्याची प्रशिक्षण खोली लांबट, खिडक्या उंचावर, भिंतीला मोठा पडदा. खरा पंप एकही जोडलेला नव्हता. हे वहिनींनी आदल्या दिवशी फोन करून दोनदा पक्कं करून घेतलं होतं. पुन्हा कुणा सुताराचं लाकूड भिजायला नको, एवढंच मॅडमना म्हणाल्या होत्या. मॅडम पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. नळाचा प्रवाह मोजायचं जुनं स्टॉपवॉच, अजून तेच वापरायच्या. आमच्याकडून थोरले, धाकटे, वहिनी आणि मी. वहिनींना मॅडमनीच बोलावलं होतं. पत्रात लिहिलं होतं, लिहिणारा आणि वाचणारा दोघंही हवेत.

थोरल्यांनी छोटंसं भाषण केलं. त्यांना ते न करता जमलं नसतं. म्हणाले की मागच्या वर्षी जे झालं ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातून झालं, पण आता कोणी कितीही घाईनं काहीही लिहिलं तरी भाषाच त्याला सांभाळून घेईल. हे बोलताना वहिनींकडे पाहून हसले. घरातल्या माणसाची थट्टा करतात तसं. धाकटेही सवयीनं हसायला निघाले होते, अर्ध्यात थांबले.

मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि आपल्या माणसाला म्हणाल्या, सहाच्या सहा काढ. त्यानं सहा केबली काढून टेबलावर ओळीनं ठेवल्या. थोरल्यांनी बटण दाबलं, मॅडमनी स्टॉपवॉच.

दहा सेकंद झाले. पडदा जागच्या जागी.

पंधरा झाले. थोरले म्हणाले, कधीकधी पहिल्यांदा थोडं जास्त लागतं. वीस झाले. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. गोठलेल्या पडद्याला त्याचं काय. तिसाव्या सेकंदाला थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. खोलीत पंख्याचा आवाज येत होता, तो आधीपासून होताच, पण आत्ता ऐकू आला. पंचेचाळीसला धाकट्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी केबली मोजत असल्यासारखं केलं. वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बसची वाट बघणारी बाई बसते तशा. फक्त या बाईला बस कितीला येणार ते ठाऊक होतं.

साठाव्या सेकंदाला पडदा हलला. मॅडमनी स्टॉपवॉच थांबवलं आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं.

"वेळ संपली. दहा सेकंदांत उत्तर आले नाही." मग स्टॉपवॉचकडे पाहिलं. "हे दहा तुमच्याकडे मोठे असतात का?"

त्यांचा माणूस खोकला. थोरले म्हणाले की खात्याच्या लाइनमध्ये काही गडबड असेल. मॅडम म्हणाल्या, लाइन तर मी काढूनच ठेवल्यात. मग कागदावर सहा दाहे साठ असं लिहून त्याखाली रेघ मारली आणि विचारलं की हे वाचून मान्य कोणी केलं होतं.

"मी," वहिनी म्हणाल्या. पिशवीतून नोंदीचं छापील पान काढून त्यांनी मॅडमपुढे ठेवलं. माझ्याकडचंच पान, वेळांसकट.

मॅडमनी तिसरी शंका वाचली. उत्तर वाचलं. अकरा दहा आणि अकरा चौदा यांच्याखाली नखानं रेघ ओढली. थोरल्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. वहिनींचं एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं की परवानगी असेल तर आणखी एक गोष्ट चालवून दाखवू का. चार वर्षांपूर्वीची आहे, पाच मिनिटं लागतील.

त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून स्वतःचा जुना बदल चढवला. त्यात दहा सेकंद खरोखर एकूण होते. प्रत्येक पत्त्यावर जाण्याआधी किती वेळ उरलाय ते बघायचं आणि उरलेल्याचे वाटे पाडायचे. हेच वाटे थोरल्यांनी गुंतागुंत म्हणून छाटले होते. मॅडमनी स्टॉपवॉच दाबलं. दहा सेकंदांना पडद्यावर निरोप आला.

"आता वरचा प्रोग्राम तोच ठेवते," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वर्षीचा. घाईनं लिहिलेला. त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही, तुमच्या माणसानं ताडून बघावं."

माणसानं ताडून पाहिलं. तोच. मग मॅडमनी त्या दिवशीसारखीच व्यवस्था लावायला सांगितली, पाच लाइन बंद, सहावी चालू. प्रोग्राम पाच दारांवरून झरझर पुढे सरकला, सहाव्यावर जोडणी मिळाली. बंदचं बटण दाबल्यावर पडद्यावरचा खोटा पंप दहा सेकंदांच्या आत बंद झाला.

खोलीत एवढ्या शहाण्या माणसांना समजावून सांगायची गरज नव्हती. दोषी ठरवलेला प्रोग्राम जसाच्या तसा होता, खाली भाषा तेवढी बदलली होती, आणि अडथळा नाहीसा झाला होता. मॅडमनी थोरल्यांना एकच विचारलं. मागच्या वर्षीच्या अहवालातल्या ओळीचं काय करायचं म्हणता?

थोरले म्हणाले, बघतो.

"बघू नका, लिहा," मॅडम म्हणाल्या. "करार त्यानंतर."

बाहेर जिन्यात थोरल्यांनी वहिनींना गाठलं. धाकटे दोन पायऱ्या खाली, मी तीन वर. कोणालाच तिथून सरकता येत नव्हतं.

"मान्य केलंस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, भाऊजी."

"मग सांगायला तोंड नव्हतं? घरात एका टेबलावर जेवतो आपण."

"विचारलं होतं. लेखी. चालवून पाहा म्हणून सुद्धा लिहिलं होतं. तुम्ही चालवून पाहिलं असतंत तर मी सगळं सोडून देणार होते, मागच्या वर्षीचंही. चार दिवस थांबले त्यासाठी." मग जराशा थांबून म्हणाल्या, "तुम्ही चार मिनिटं घेतलीत."

त्या शांतपणे खाली उतरल्या. धाकटे बायकोकडे बघत होते ते आपण हिच्याशी कधी लग्न केलं हे आठवत असल्यासारखे.

दुरुस्तीची ओळ थोरल्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितली. 'मागील अडथळ्यास काही तांत्रिक बाबी कारणीभूत होत्या.' नियमाप्रमाणे ती वाचायला वहिनींकडे गेली. वहिनींची लेखी शंका आली, कोणत्या बाबी? दुसरा मसुदा निघाला, 'भाषेतील एका उणिवेमुळे.' शंका, ही उणीव कोणाच्या लक्षात आली होती, कधी, आणि मग काय झालं? तिसऱ्या मसुद्यात तारीख आली, पण वहिनींच्या नावाच्या जागी 'एका सहकाऱ्याने' आलं. तोही परत.

असे अकरा दिवस गेले. पाणीखात्याचे फोन येत होते. भाषेची नवी आवृत्ती अडून बसली होती. घरी सासूबाईंनी एक दिवस जेवताना विचारलं म्हणे, की दोघं एकमेकांशी बोलायचं सोडून कागद काय पाठवताय. वहिनी म्हणाल्या, आई, तोंडी बोललेलं आमच्यात टिकत नाही. धाकट्यांनी रात्री पुन्हा म्हटलं की आता पुरे, दादा मऊ पडलाय, जाऊ दे. या वेळी त्या गप्प बसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या बैठकीत तुम्हीही हसला होतात, तेव्हा तुम्ही मधे पडू नका, नाहीतर ओळीत तुमचंही नाव घालायला लावीन. हेही मला धाकट्यांनीच सांगितलं. या वेळी ते समाधानानं सांगत नव्हते.

बाराव्या दिवशी थोरल्यांनी मला बोलावलं नाही. स्वतःच टंकलं. मूळ ओळीत वहिनींचं पूर्ण नाव आहे, मी इथे वहिनीच लिहितो. 'अडथळा भाषेतील दोषामुळे. दोष वहिनींनी चार वर्षांपूर्वी दाखवून उपायही लिहून दिला होता. तो मी वाचला नाही. मागील वर्षीची ओळ खोटी होती आणि ते मला ठाऊक होते.' खाली सही.

शेवटचे चार शब्द वहिनींनी मागितले नव्हते. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मला वाटलं त्या आता विरघळतील. त्यांनी फक्त 'मान्य' लिहिलं, वेळ घातली आणि ओळीची एक प्रत पाणीखात्याला आणि एक त्या सुताराला पाठवायला सांगितली.

जोडणीचा टाइमआउट वहिनींच्या नावानं नव्या आवृत्तीत गेला. लायब्ररी पुन्हा त्यांच्याकडे आली. आता लिहिणाऱ्या त्या आणि नियमाप्रमाणे वाचणारं दुसरं माणूस थोरले. आणि थोरले वाचतात. असं वाचतात की मी उभ्या नोकरीत कोणाला तसं वाचताना पाहिलेलं नाही. ओळीओळीवर बोट ठेवून, डोळ्यांत तेल घालून. टेबलाखाली आता एक नाही, सात यंत्रं आहेत. एखादी चूक सापडावी, मोठी, चारचौघांत दाखवता येईल अशी, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यांनी ती लपवलेलीही नाही.

मागच्या महिन्यात त्यांना वाटलं, सापडली. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांची लेखी शंका आली. वाट पाहता पाहता कोणी संगणकाचं घड्याळ मागे केलं तर उरलेला वेळ वाढेल का? मी वहिनींना निरोप दिला. त्यांनी वाचलं, उठल्या, यंत्रांपाशी गेल्या. एक दिवस काही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थोरले ऑफिसात शीळ घालत हिंडत होते. पहिल्यांदाच मला कळलं की त्यांना शीळ येते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'नाही. मोजणी घड्याळावर नाही, यंत्र चालू झाल्यापासूनच्या सेकंदांवर आहे. घड्याळ मागे करून, पुढे करून, सहा पत्त्यांवर चालवून पाहिले. निकाल सोबत.' सोबत चौदा पानं होती.

थोरल्यांनी चौदाच्या चौदा पानं वाचली. संध्याकाळ झाली तरी खुर्चीतून उठले नाहीत. मग 'मान्य' लिहिलं, आणि पुढचा बदल उघडला.